एकवीस अंशांचा पत्रा

वीट पाण्यावर तरंगली आणि अख्खं गाव हरखलं.

एकदाच तरंगली असती तर लोकांनी कदाचित सोडूनही दिलं असतं. पण पर्णेगुरूंनी ती बाहेर काढली, कुर्त्याच्या बाहीने पुसली, कपाळाला लावली आणि पुन्हा बावखलाच्या पाण्यात सोडली. चांगली हातभर लांब, पावाच्या लादीसारखी गुबगुबीत, पांढुरकी वीट. ती बुडाली नाही. बदकासारखी डुलत डुलत पार मधोमध गेली. काठावरच्या गर्दीतून "आऽऽ" असा सूर निघाला. एका म्हातारीने कपाळापासून छातीपर्यंत क्रुसाची खूण केली, तिच्या शेजारणीने हात जोडले. वीट सर्वधर्मसमभावाने तरंगत राहिली.

"ही वीट नाही," पर्णेगुरू म्हणाले. त्यांचा आवाज मऊ होता, पण माइक हातात असल्यामुळे तो मऊपणा पार चर्चपर्यंत ऐकू जात होता. "ही समाधी लागलेली माती आहे. जिने आपला कार्बन सोडला, तिला पाणी कसं बुडवणार? बुडतो तो अहंकार. बुडतं ते सिमेंट!"

टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत निम्मे लोक असे होते, ज्यांनी आपल्या घराच्या सिमेंटचे हप्ते अजून फेडले नव्हते.

गर्दीच्या मागे, उंबराच्या सावलीत सालोमी टीचर उभ्या होत्या. त्यांचं उभं आयुष्य शाळेत विज्ञान शिकवण्यात गेलं होतं आणि आता निवृत्तीनंतर केळीची वाडी बघण्यात उरलेलं चाललं होतं. गावातल्या बहुतेक कर्त्या माणसांचे कान त्यांनी कधी ना कधी पिळले होते. त्यातलाच एक कान त्यांच्या शेजारी उभा होता. एल्रॉय. आता तो नायगावच्या नव्या टॉवरांवर साइट इंजिनीअर होता आणि डोक्यावर हेल्मेट नसलं की त्याला चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं.

"एल्रॉय, वीट का तरंगली रे?"

एल्रॉयने चपलेच्या अंगठ्याने माती उकरली. "टीचर, आमच्या साइटवर पण असतात अशा. पण... ही वेगळी असेल."

"का बरं?"

"हिच्यावर पानाचं स्टिकर आहे."

सालोमी टीचरांनी त्याच्याकडे पाहिलं. परीक्षेत ज्या मुलाला काठावर पास केलं त्याच्याकडे पुन्हा बघावं, तसं पाहिलं.

आता या बावखलाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण सगळा तमाशा त्याच्यासाठीच चालला होता. वसईच्या जुन्या गावांना एका बाजूने समुद्र आणि दुसऱ्या बाजूने खाडी. खारं पाणी जमिनीखालून कधी आत शिरेल त्याचा नेम नाही. म्हणून पूर्वजांनी वाड्यांमधून तळी खणली, पावसाचं पाणी त्यात साठवलं, काठाला उंबर, भेंड, करंज राखले. हीच बावखलं. हे पाणी जमिनीत मुरतं आणि आजूबाजूच्या विहिरी गोड राहतात. गावात एकेकाळी अशी अनेक होती. एकेक करून त्यांवर बंगले उभे राहिले आणि बंगल्यांच्या विहिरी मचूळ झाल्या. मग बंगलेवाले टँकर मागवू लागले आणि "पूर्वीसारखं पाणी राहिलं नाही" म्हणून हळहळू लागले. उरलं होतं ते हे एक. सालोमी टीचरांची विहीर त्याच्यापासून ढेकूळ फेकण्याच्या अंतरावर होती. बावखल गेलं की विहीर जाणार, विहीर गेली की वाडी जाणार. हे त्यांना जितकं स्पष्ट दिसत होतं तितकंच बाकीच्यांना ते दिसत नव्हतं, कारण बाकीचे वीट बघत होते.

गावाला हॉल हवा होता. लग्नं, नामकरणं, सणाची जेवणं, सगळ्यासाठी बाहेरचे हॉल भाड्याने घ्यावे लागत. सामाईक जागा एकच होती, हीच. गावच्या समितीचा अध्यक्ष रोनाल्ड, सालोमी टीचरांच्या भावाचा मुलगा. त्याला वाटलं, हॉल बांधायचाच तर साधा कशाला, पर्यावरणाचा बांधू. म्हणून त्याने हे गुरू शोधून काढले. चंद्रहास पर्णे, हरित वास्तू साधक. अंगात तागाचा कुर्ता, गळ्यात कडुनिंबाच्या मण्यांची माळ, हातात बांबूची बाटली. त्यांचं व्हिजिटिंग कार्ड बियांच्या कागदाचं होतं. पेरलं की म्हणे तुळस उगवते. रोनाल्डने ते पेरलं होतं. अजून पर्ण्यांचा फोन नंबरसुद्धा उगवला नव्हता. गुरूंची काळी डिझेल गाडी उंबराखाली एसी चालू ठेवून उभी होती आणि आत त्यांचा ड्रायव्हर थंड होत होता.

"आता," गुरू म्हणाले, "शीतपर्ण!"

दोन माणसांनी लाकडी घोडीवर बसवलेला एक पत्रा उन्हात आणून ठेवला. पत्रा असा लखलखीत की लोकांनी डोळ्यांवर हात धरले. खालून जाड फोमचा थर, वर आरसा. घोडी तिरकी, पत्र्याचं तोंड आभाळाकडे. शेजारी गोठ्यावरचा जुना सिमेंटचा पत्रा आणून ठेवला. मग गुरूंनी खिशातून पिस्तूल काढलं.

पिस्तूल म्हणजे तेच, कोरोनाच्या दिवसांत प्रत्येक दारावर आपल्या कपाळावर रोखलं जायचं ते. त्या पिस्तुलाने तेव्हा तापाने फणफणलेल्या माणसांना सुद्धा 'चौतीस' म्हणून आत सोडलं होतं. पण लोक विसरतात. यंत्रावर आकडा उमटला की माणसाला तो देववाणीसारखा वाटतो.

गुरूंनी सिमेंटच्या पत्र्यावर नेम धरला. रोनाल्डने आकडा मोठ्याने वाचला. "पंचावन्न!"

मग शीतपर्णावर नेम धरला. गर्दीने श्वास रोखला.

"एकवीस!"

"मे महिन्यात!" गुरू ओरडले. "सूर्य तोच, जागा तीच! बोळिंजच्या एका सोसायटीत शीतपर्ण बसवल्यावर शेवटच्या मजल्यावरच्या माणसांना उन्हाळ्यात गोधड्या काढाव्या लागल्या. हा पत्रा श्वास घेतो. तो उष्णता पितो आणि शांती सोडतो."

"हात लावून बघू का?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"चुकूनही नाही!" गुरूंनी हातातले पांढरे मोजे उंच करून दाखवले. "मानवी हाताला तेल असतं. तेल लागलं की पत्र्याची रंध्रं बुजतात आणि त्याचा श्वास कोंडतो. म्हणून आम्ही सुद्धा मोज्यांशिवाय शिवत नाही."

सालोमी टीचर पुढे झाल्या. "गुरुजी, माझं घर इथेच आहे. पत्रा जरा पडवीत आणता का? सावलीत पण मोजून बघू."

पर्णेगुरू गोड हसले. "माई, शीतपर्ण सावलीत लाजतो. त्याला सूर्याचा सहवास लागतो."

लोक हसले. रोनाल्ड सगळ्यांत मोठ्याने हसला आणि मग आत्याच्या डोळ्याला डोळा भिडताच हसू गिळून खोकला.

अटी मग हळूच बाहेर आल्या. हॉल याच जागेवर व्हायचा, म्हणजे बावखल बुजवायचं. काळजी नको, भराव फुकट. नायगावकडे एका मोठ्या कामाचा राडारोडा पडला आहे, तो गुरू स्वतः ट्रकांनी पाठवतील. उंबर आणि करंज तोडायचे, कारण झाडांचा ओलावा शीतपर्णाच्या श्वासाला मारतो. मग त्या जागी उभा राहील शून्य-कार्बन हॉल, आणि हॉलच्या दारावर परिषदेचा 'हरित शिरोमणी' शिक्का. अशा रीतीने गाव हिरवं होण्यासाठी गावातलं जेवढं हिरवं होतं तेवढं आधी काढून टाकायचं ठरलं. पक्का निर्णय रविवारी, चर्चमधली मिस्सा सुटल्यावर, इथेच काठावर घ्यायचा होता. तोवर पत्र्याला हवामानाची सवय व्हावी म्हणून तो तसाच घोडीवर ठेवला. भोवती दोरी बांधली आणि पाटी लावली: 'स्पर्श करू नये.'

संध्याकाळी रोनाल्ड आत्याच्या पडवीत आला. त्याला समजूत काढायची होती. अध्यक्ष झाल्यापासून तो सगळ्यांची समजूत काढत असे.

"आत्या, तू सगळ्यालाच विरोध करतेस."

"मी फक्त सावलीत मोजा म्हटलं."

"ते एवढे मोठे एक्स्पर्ट आहेत. पानाचा शिक्का आहे त्यांच्या प्रत्येक वस्तूवर."

"शिक्का देतं कोण?"

"परिषद."

"कुठली परिषद?"

रोनाल्डने खिशातला मोबाइल चाचपला, पण परिषद काही तिथे सापडली नाही. "आत्या, जग कुठे चाललंय! इमारती पृथ्वी तापवतात. आपण गावाने काहीतरी चांगलं करायला नको का?"

हे मात्र खरं होतं, आणि रोनाल्ड मनापासून बोलत होता. म्हणूनच सालोमी टीचरांना राग कमी आणि काळजी जास्त वाटली. लबाड माणसाला फसवायला लबाडी लागते. चांगल्या माणसाला फसवायला त्याचा चांगुलपणाच पुरतो.

"करायला हवंच," त्या म्हणाल्या. "बोळिंजला जाऊन बघून आलास? त्या गोधड्या?"

"व्हिडिओ पाहिला."

"व्हिडिओत गोधडी दिसते रे, उकाडा नाही दिसत. आणि विहिरीचं काय करू मी? खारं पाणी घालून केळी पिकवू?"

"नळ येणारच आहे ना."

"नळ कधीचा येणारच आहे," टीचर म्हणाल्या आणि केळीचा घड उतरवायला उठल्या.

शुक्रवारी सकाळी यमुना आली. यमुना मिठागरापलीकडच्या गावची, सुकी मासळी विकायची. टीचरांच्या घरी तिचा चहा ठरलेला. आज तिने टोपली उतरवली तेव्हा तिचा उजवा तळहात फडक्यात गुंडाळलेला होता आणि चेहरा मात्र लग्नघरासारखा उजळला होता.

"टीचर, तुमच्या गावाला देव पावला! तो पत्रा न्हाय काय, बावखलाकडं? खरा हाय तो. लय कडक हाय."

"तुला कसं कळलं?"

यमुनाने इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "कुनाला सांगू नका. काल मी त्याच्यावर जवळा पसरला. रस्त्यावर पसरला तर गाड्या जातात, खाली पसरला तर कुत्री येतात. म्हटलं, ही घोडी उंच हाय. तर काय सांगू! दोन दिवसाचा जवळा दुपारपर्यंत कुरकुरीत! असा सुकला, असा सुकला, जनू तव्यावर भाजला."

"आणि हाताला काय झालं?"

"तेच तर सांगते. जवळा गोळा करताना हात लागला पत्र्याला. असा चटका बसला, आई गं! पाटीवर लिवलंय ना, स्पर्श करू नये? मी वाचलंच न्हाय, मला कुठं वाचता येतं! म्हनून शिक्षा मिळाली." तिने फडकं बांधलेला हात भक्तिभावाने कपाळाला लावला. "जागृत हाय पत्रा. नियम मोडला की लगेच दाखवतो."

सालोमी टीचरांनी अंगणातलं कोरफडीचं पान तोडून आणलं. त्यांनी यमुनेचा हात सोडवला, कोरफडीचा गर लावला आणि नवी पट्टी बांधली. मग त्या स्वयंपाकघरात गेल्या. चुलीवर चहाचा टोप उकळत होता, आदल्याच दिवशी घासलेला, चांदीसारखा. त्याच्या पोटात त्यांना आपला चेहरा दिसला. चेहरा हळूहळू हसायला लागला. पोरांना नापास करण्यापूर्वी त्या अशाच हसायच्या, असं त्यांचे जुने विद्यार्थी सांगतात.

रविवारी मिस्सा सुटली आणि गाव बावखलाकडे निघालं. ऊन मरणाचं होतं. समितीने मंडप घातला होता, खुर्च्या मांडल्या होत्या. पत्रा घोडीवर लखलखत होता. गुरू आज नव्या कुर्त्यात होते. बरोबर फुलांचा हार त्यांनी स्वतःच आणला होता, म्हणजे समितीची धावपळ वाचावी.

रोनाल्डने आधी आकडा दाखवायला सांगितलं. नेम धरला गेला. "एकवीस!" टाळ्या झाल्या.

"आता ठरावाकडे वळू," रोनाल्ड म्हणाला.

"वळण्याआधी चहा," सालोमी टीचर म्हणाल्या. "पाहुण्यांना चहा न देता कुणी बावखल बुजवतं का?"

याला कोण नाही म्हणणार! एल्रॉय आणि आणखी एकजण टीचरांच्या घरातून टोप घेऊन आले. दोघांनी तो काठाला फडकी लावून धरला होता. चहा नुकताच चुलीवरून उतरवलेला, वाफा निघत होत्या. टोप टेबलावर ठेवला.

"गुरुजी," टीचर म्हणाल्या, "तुमचं यंत्र फार अचूक आहे. आमच्या टोपाची पण परीक्षा घ्या की. चहा प्यायलायक झाला का बघा."

पर्ण्यांना स्तुती आवडत असे. त्यांनी ऐटीत टोपाच्या लखलखीत पोटावर नेम धरला.

"मोठ्याने वाच, रोनाल्ड."

"अडतीस," रोनाल्ड म्हणाला.

"अडतीस! म्हणजे कोमट. आता टोपात, चहावर धरा."

गुरू घुटमळले. पण शंभर माणसं बघत होती. त्यांनी नेम धरला. रोनाल्डने आकडा पाहिला, पुन्हा पाहिला.

"वाच ना बाळा."

"सत्त्याऐंशी."

मंडपात कुजबुज झाली. सालोमी टीचर अगदी गरिबासारख्या म्हणाल्या, "बघा हो, काय नवल! चहा सत्त्याऐंशी आणि चहाचं भांडं अडतीस. आमचा टोप पण श्वास घेतो वाटतं. गुरुजी, भांडं कोमट आहे असं तुमचंच यंत्र सांगतंय. जरा हाताने उचलून पलीकडच्या टेबलावर ठेवता का? फडकं नको हं, अडतीसला कशाला फडकं!"

पहिलं हसू बायकांच्या रांगेतून आलं. बायकांना टोप कळतो.

पर्णेगुरूंनी हात मागे बांधले. "माई, हा विज्ञानाचा फार गहन विषय आहे."

"गहन नाही हो, आठवीचा आहे. मी हयातभर तोच शिकवला." टीचर वळून लोकांशी बोलू लागल्या आणि नकळत सगळ्यांच्या पाठी ताठ झाल्या. "हे पिस्तूल वस्तूला शिवत नाही. वस्तूतून जी उष्णता बाहेर फेकली जाते, ती ते लांबून बघतं. माणसाची कातडी, सिमेंट, चहा, हे सगळं आपली उष्णता मोकळ्या मनाने बाहेर टाकतं, म्हणून तिथे आकडा खरा येतो. चकचकीत धातू कंजूष असतो. स्वतः कितीही तापला तरी बाहेर थोडंच दाखवतो, आणि समोर जे असेल त्याची उष्णता आरशासारखी परत पाठवतो. हा पत्रा कुठे तोंड करून ठेवलाय? वर. वर काय आहे? आभाळ. आणि आभाळ थंड असतं. म्हणजे या गुरुजींनी आभाळाचं तापमान मोजलं आणि आपल्याला पत्र्याचं म्हणून विकलं. म्हणून तर पत्रा पडवीत येत नव्हता. तिथे वर आभाळ नव्हतं, माझी तापलेली कौलं होती. तो लाजत नव्हता, उघडा पडत होता."

"खोटं!" गुरू म्हणाले. त्यांच्या आवाजातला मऊपणा उन्हात वितळला होता.

टीचरांनी पर्समधून जखमेवर लावायची चिकटपट्टी काढली, बोटभर तुकडा फाडला आणि शीतपर्णाच्या मधोमध चिकटवला. थोडा वेळ थांबल्या. "रोनाल्ड, पट्टीवर धर."

रोनाल्डने गुरूंच्या हातून पिस्तूल घेतलं. "सत्तावन्न." मग पट्टीला लागून असलेल्या पत्र्यावर धरलं. "एकवीस." त्याने पुन्हा पट्टीवर धरलं. "सत्तावन्न." त्याचा आवाज बारीक होत चालला होता.

"एकाच पत्र्यावर, बोटभर अंतरावर, माथेरान आणि चंद्रपूर," टीचर म्हणाल्या.

पण पर्णे काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी दोन्ही हात वर केले. "पाहिलंत! पट्टीने रंध्रं बुजवली! श्वास कोंडला म्हणूनच तिथे पत्रा तापला. माई, तुमचं नाक दाबलं तर तुम्ही नाही तापणार?"

आणि आश्चर्य असं, की गर्दी पुन्हा डळमळली. कुणीतरी "बरोबर आहे" असंही म्हणालं. माणसाला एकदा चमत्कार दिला की तो परत घेताना त्याला आपल्याच घरातली वस्तू कुणी उचलून नेतंय असं वाटतं.

"मग जिथे पट्टी नाही तिथे हात ठेवा," टीचर म्हणाल्या. "मोजा काढून. रंध्रं बुजली तर बुजली, एक पत्रा वाया गेला असं गाव समजेल. आम्ही एवढं बावखल द्यायला निघालोय, तुम्ही तळहात तरी द्या."

गुरू हलले नाहीत. मंडपात इतकी शांतता झाली की गाडीच्या एसीची घरघर ऐकू येऊ लागली.

तेव्हा रोनाल्ड पुढे झाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. आत्याला एकदा कायमचं गप्प करावं, आपण आणलेला माणूस खरा ठरावा, आपण खरे ठरावं, असं सगळं त्या चेहऱ्यावर होतं. "मी ठेवतो," तो म्हणाला. "माझा विश्वास आहे."

"रोनाल्ड, थांब!" असं एकदम दोघेजण ओरडले. एक सालोमी टीचर आणि दुसरे पर्णेगुरू.

रोनाल्डने गुरूंकडे पाहिलं, पण तोवर तळहात पत्र्यावर टेकला होता. तो टेकला आणि उचलला. मधे फारसं काही घडलं नाही. फक्त एक किंकाळी आणि एका श्रद्धेचा शेवट.

"मला पन असाच बसला होता!" मागून यमुना ओरडली. तिने फडकं बांधलेला हात उंच केला, आणि मग तिच्याच तोंडावर एक एक करत सगळं उमटत गेलं. "म्हंजी... शिक्षा न्हाय? नुसता तापला होता?"

"नुसता तापला होता, यमुना."

"मेल्या!" यमुना गुरूंना म्हणाली. "आनि मी नारळ फोडला रे तुझ्या पत्र्याला!"

आता एल्रॉयलाही कंठ फुटला. तो खुर्चीवर चढला, शाळेत प्रार्थनेला चढायचा तसा. "ती वीट... ती वीट पण काही नाही. त्यात हवेचे बुडबुडे असतात, म्हणून हलकी. आमच्या साइटवर ट्रकच्या ट्रक येतात. नायगावच्या अर्ध्या इमारती त्याच विटांच्या आहेत. वीट चांगलीच असते, पण समाधी-बिमाधी काही नाही."

"मग पहिल्या दिवशी का नाही बोललास?" कुणीतरी विचारलं.

"सगळे टाळ्या वाजवत होते," एल्रॉय म्हणाला. "म्हटलं, माझंच शिक्षण कमी पडत असेल."

"आणि तो शिरोमणी शिक्का?" टीचरांनी गुरूंना विचारलं. "परिषद कुणाची?"

"स्वतंत्र परिषद आहे," पर्णे कसेबसे म्हणाले.

"सभासद कोण?"

"अध्यक्ष मी. सचिव माझी पत्नी." ते थांबले. "आणि मेव्हणे सल्लागार आहेत."

"म्हणजे परीक्षा पण घरची, परीक्षक पण घरचे, आणि पहिला नंबर पण घरातच. शाळेत असं कुणी केलं असतं तर मी बाकावर उभं केलं असतं."

गुरूंना बाकावर उभं करायची वेळ आली नाही. काळ्या गाडीचं दार उघडलं आणि बंद झालं. घाईत हार राहिला, पिस्तूल राहिलं, पत्राही राहिला. बियांची चारदोन कार्डं तेवढी वाऱ्यावर उडत बावखलात पडली आणि बुडाली.

रोनाल्डला शोधावं लागलं. तो काठाच्या पायरीवर बसला होता, पोळलेला हात कोपरापर्यंत बावखलाच्या पाण्यात बुडवून. उंबराची सावली त्याच्या पाठीवर पडली होती. अध्यक्ष असल्यामुळे ठराव त्यालाच मांडावा लागला. त्याने तो तिथूनच, मान न वळवता मांडला.

"बावखल बुजवायचं म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

एकही हात वर आला नाही. अध्यक्षांचा तर येण्यासारखाच नव्हता.

लोक पांगले. सालोमी टीचर त्याच्याशेजारी पायरीवर बसल्या. 

"फार दुखतंय?"

"पाण्यात बरं वाटतंय."

"वाटणारच. उंबराखालचं पाणी आहे. ते किती अंश आहे हे मोजायला कुणाला बोलवावं लागत नाही."

रोनाल्ड पाण्याकडे बघत म्हणाला, "आत्या, माझा हेतू वाईट नव्हता गं. आता हॉल तर हवाच आहे. दुसरीकडे कुठे जागा काढू, पण मग खरंच चांगलं काय, पृथ्वीला परवडेल असं काय, ते ओळखायचं कसं? सगळ्यांच्याच पुड्यावर पान छापलेलं असतं."

सालोमी टीचरांनी चेष्टा केली नाही. हा प्रश्न त्यांना कोणत्याही वर्गात आवडला असता.

"पान बघू नकोस. वस्तू कशाची बनलीय ते विचार. कुठून आणलीय विचार. विटेपेक्षा विटेचा प्रवास मोठा असेल तर ती हिरवी कसली! किती वर्षं टिकेल आणि मोडल्यावर कुणाच्या दारात पडेल, तेही. विकणारा सोडून दुसऱ्या कुणी तपासलीय का, आणि जिथे बसवलीय तिथे उन्हाळ्यात स्वतः जाऊन बसता येईल का? चांगला माल असतो रे, नसतो असं नाही. चांगला माल विकणारा या प्रश्नांना वैतागत नाही, उलट खुर्ची देतो. जो म्हणेल हात लावू नका, तिथे आधी हात लाव. पण जपून, हाताच्या पाठीने." त्या क्षणभर थांबल्या. "आणि या सगळ्याच्या आधी एक विचार. हे हिरवं आणण्यासाठी तोडायचं काय आणि बुजवायचं काय? उत्तर जर झाड आणि पाणी असं आलं, तर पुढचं काही ऐकायला थांबू नकोस."